फुल्या-गोळ्यांची वही : पॉइंट अँड फिगर आलेख पुस्तकांतून आणि अभ्यासक्रमांतून कसा शिकावा

शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर फुली-गोळ्याचा डाव मांडला नाही, असा माणूस सापडणे अवघड आहे. पॉइंट अँड फिगर आलेखही दिसायला तसाच असतो. भाव चढला की फुली, उतरला की गोळा, आणि प्रत्येक खुणेसाठी वहीतले एक घर. शेअरबाजाराचा अभ्यास करणाऱ्या बहुतेकांची ओळख आधी कॅण्डलस्टिक आलेखाशी होते आणि ही दुसरी पद्धत पुढे कधीतरी एखाद्या पुस्तकात किंवा अभ्यासक्रमाच्या जाहिरातीत भेटते. ती कोणत्या क्रमाने शिकावी, कोठे थांबून सराव करावा आणि पैसे केव्हा खर्च करावेत, हे या लेखात सांगायचे आहे. माझे मत आरंभीच नोंदवतो: किमान तीन महिने स्वतःच्या हाताने आलेख काढल्याशिवाय कोणत्याही अभ्यासक्रमाचे शुल्क भरू नये. मी ते उलट्या क्रमाने केले आणि त्यामुळे एक वर्ष वाया गेले. ती हकिगत पुढे येईल.

नाशिकमधील अनेकांच्या दिनक्रमाला ही पद्धत सोयीची आहे. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात पाळीत काम करणाऱ्याला, शाळेत शिकवणाऱ्याला किंवा दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबाग सांभाळणाऱ्याला सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन या वेळेत पडद्यासमोर बसता येत नाही. पॉइंट अँड फिगर आलेख दिवसाच्या बंद भावावर काढता येतो, म्हणजे संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटे दिली तरी पाच-सहा शेअरांची नोंद पूर्ण होते. काम थोडे आहे. मात्र एकही दिवस चुकवून चालत नाही, आणि शिकणाऱ्यांपैकी बरेच जण नेमके इथेच गळतात.

आलेख काय मोजतो

या आलेखात काळाचा अक्ष नसतो. भाव ठरावीक अंतर चालला तरच खूण होते, नाहीतर वही कोरी राहते. दहा दिवस भाव एकाच जागी घुटमळला, तर त्या दहा दिवसांचा आलेखात मागमूसही नसतो. त्यामुळे काढण्याआधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. पहिली, एका घराची किंमत किती, ज्याला बॉक्स साइझ म्हणतात. दुसरी, किती घरे उलट फिरल्यावर नवा स्तंभ सुरू करायचा, म्हणजे रिव्हर्सल. तिसरी, बंद भाव घ्यायचा की दिवसाचा उच्चांक आणि नीचांक. या तिन्हींची उत्तरे बदलली की त्याच शेअरचा आलेख बदलतो. म्हणून कोणी केवळ 'पॉइंट अँड फिगरवर खरेदीचा संकेत आला' असे सांगितले, तर कोणत्या घरावर आणि किती रिव्हर्सलवर, हे विचारल्याखेरीज त्या वाक्याला अर्थ नाही.

पद्धत जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील सौदेबाज भावांचे आकडे स्तंभात लिहून ठेवत असत आणि त्यातूनच ती घडत गेली. व्हिक्टर डी व्हिलियर्स यांनी १९३३ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. पुढे एब कोहेन यांनी १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात तीन घरांच्या रिव्हर्सलची सुटसुटीत रीत प्रचारात आणली. आज नवशिक्याला शिकवली जाते ती बहुधा हीच रीत, आणि सुरुवातीला तेवढीच पुरे आहे.

पहिली पायरी : एका उदाहरणावर हात बसवणे

लहान मुलांच्या गणिताची चौकटीची वही घ्यावी; मेनरोडवर किंवा शालिमारला वह्यांच्या कोणत्याही दुकानात ती मिळते. आलेख कागदाच्या बारीक चौकटींपेक्षा ही मोठी घरे डोळ्यांना बरी पडतात. डाव्या कडेला भाव खालून वर लिहावेत. आता एक काल्पनिक शेअर घेऊ. घर १० रुपयांचे, रिव्हर्सल तीन घरांचे, भाव बंदचा.

चौदा दिवसांचे बंद भाव असे आहेत असे समजू: ५०२, ५१४, ५३६, ५२९, ५११, ४९८, ४९३, ४८७, ५०५, ५२१, ५३३, ५२८, ५४१, ५५६.

पहिल्या दिवशी ५०० च्या घरात फुली मांडली. दुसऱ्या दिवशी भाव ५१४ झाला, म्हणून ५१० च्या घरात फुली. ५२० गाठलेले नाही, म्हणून तिथे नाही. तिसऱ्या दिवशी ५३६, म्हणून ५२० आणि ५३० अशा दोन फुल्या. चौथ्या दिवशी ५२९ आहे. नवी फुली पडायला ५४० हवेत आणि उलट फिरायला ५३० मधून तीन घरे वजा करून ५०० हवेत. दोन्ही झाले नाही, म्हणून वहीत काहीच लिहायचे नाही. पाचव्या दिवशीही तसेच. सहाव्या दिवशी भाव ४९८ वर आला, म्हणजे ५०० चे घर फुटले. आता उजवीकडे एक स्तंभ सरकून ५२०, ५१० आणि ५०० या घरांत तीन गोळे मांडायचे. ५३० च्या घरात गोळा पडत नाही. नवा स्तंभ नेहमी एक घर खालून किंवा वरून सुरू होतो. हे न कळल्यामुळे नवशिक्यांच्या वहीतले निम्मे आलेख पहिल्याच आठवड्यात बिघडतात.

सातव्या दिवशी ४९३, काही नाही. आठव्या दिवशी ४८७, म्हणून ४९० च्या घरात गोळा. नवव्या दिवशी भाव ५०५ पर्यंत वर आला, पण उलट फिरायला ४९० मध्ये तीन घरे मिळवून ५२० हवेत, म्हणून वही तशीच. दहाव्या दिवशी ५२१ झाला आणि तिसरा स्तंभ सुरू झाला: ५००, ५१०, ५२० मध्ये फुल्या. अकराव्या दिवशी ५३० ची फुली, बाराव्या दिवशी काही नाही, तेराव्या दिवशी ५४० ची आणि चौदाव्या दिवशी ५५० ची. चौदापैकी पाच दिवस वहीला हातही लागला नाही. आलेख असा दिसतो:

५५० | · · ×
५४० | · · ×
५३० | × · ×
५२० | × ○ ×
५१० | × ○ ×
५०० | × ○ ×
४९० | · ○ ·

तेराव्या दिवशी ५४० ची फुली पडली तेव्हा फुल्यांच्या आधीच्या स्तंभाचा माथा, म्हणजे ५३०, ओलांडला गेला. या पद्धतीतला हा सर्वांत साधा खरेदीचा संकेत असून त्याला डबल टॉप बाय म्हणतात. याच्या उलट, गोळ्यांच्या आधीच्या स्तंभाचा तळ फुटला की तो विक्रीचा संकेत. येथे एक सावधगिरी हवी. कॅण्डलस्टिकच्या पुस्तकांत डबल टॉप म्हणजे भाव दोनदा एकाच उंचीवर अडून खाली येणे, म्हणजेच मंदीची खूण. इथे नाव तेच, पण अर्थ उलटा, कारण संकेत माथा फोडल्यावर मिळतो. दोन्ही प्रकारची पुस्तके एकाच वेळी वाचणाऱ्याने हा फरक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

प्रत्येक महिन्यातील पहिली खूण करताना फुली-गोळ्याऐवजी महिन्याचा अंक लिहिण्याची जुनी प्रथा आहे. जानेवारीसाठी १, सप्टेंबरसाठी ९, आणि पुढील तीन महिन्यांसाठी इंग्रजी वर्णमालेतील पहिली तीन अक्षरे. काळाचा अक्ष नसलेल्या आलेखात कोणता स्तंभ केव्हाचा आहे, हे सांगणारी ही एकमेव खूण, म्हणून ती टाळू नये.

उच्चांक-नीचांकाची रीत निवडली तर नियम थोडा बदलतो. चालू स्तंभ फुल्यांचा असेल तर आधी दिवसाचा उच्चांक पाहायचा. नवी फुली पडत असेल तर ती मांडून त्या दिवसाचा नीचांक सोडून द्यायचा, मग तो कितीही खोल असो. नवी फुली पडत नसेल तरच नीचांकाने तीन घरांचा रिव्हर्सल दिला का, हे तपासायचे. एकाच दिवशी फुलीही आणि गोळाही असे कधी होत नाही. सुरुवात मात्र बंद भावानेच करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

दुसरी पायरी : घर केवढे ठेवावे

दहा रुपयांचे घर वरच्या शेअरला ठीक होते. पण ८० रुपयांच्या शेअरला दहा रुपये म्हणजे साडेबारा टक्के, आणि ८,००० रुपयांच्या शेअरला केवळ एक अष्टमांश टक्का. अमेरिकी पुस्तकांत यावर भावाच्या पट्ट्यांप्रमाणे ठरलेली घरे दिलेली असतात. उदाहरणार्थ २० ते १०० डॉलरच्या शेअरला १ डॉलरचे घर आणि १०० ते २०० च्या शेअरला २ डॉलरचे. ते कोष्टक रुपयांना जसेच्या तसे लावणे चुकीचे आहे, आणि तरीही ते सर्रास केले जाते. टक्क्यांचे घर हा त्यावरचा सरळ उपाय आहे. एक टक्क्याचे घर घेतले तर ५०० च्या वरची घरे ५०५, ५१०.०५, ५१५.१५ अशी पडतात, म्हणजे प्रत्येक घर मागच्याच्या एक टक्का वर. गणकयंत्रावर ही घरे एकदाच काढून वहीच्या कडेला लिहावीत. मग ८० रुपयांचा आणि ८,००० रुपयांचा शेअर एकाच मापाने मोजले जातात.

रोजच्या बंद भावावर काही महिन्यांच्या चाली पाहायच्या असतील तर एक टक्का आणि वर्षानुवर्षांच्या चाली पाहायच्या असतील तर तीन टक्के, इथून सुरुवात करता येते. घर लहान केले की संकेत वाढतात आणि त्यांतले फसवेही वाढतात. मोठे केले की संकेत थोडे येतात, उशिरा येतात आणि स्टॉपलॉस, म्हणजे तोटा मान्य करून बाहेर पडण्याचा भाव, लांब जातो. एकच शेअर दोन्ही मापांनी काढून शेजारी-शेजारी ठेवणे, हा या पायरीवरचा गृहपाठ समजावा.

तिसरी पायरी : लासलगावच्या कांद्यावर सराव

शेअरांकडे वळण्यापूर्वी एक सराव मी प्रत्येक शिकणाऱ्याला सुचवतो, आणि नाशिक जिल्ह्यातील माणसाला तो जितका उमगतो तितका दुसऱ्या कोणाला उमगणार नाही. लासलगाव बाजार समितीत कांद्याचे रोज तीन भाव जाहीर होतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. त्यातला सर्वसाधारण भाव घ्यावा, घर क्विंटलमागे ५० रुपयांचे ठेवावे, रिव्हर्सल तीन घरांचे. ऑगस्ट २०२३ ते मे २०२४ हा काळ निवडावा. त्या काळात काय घडले हे आपल्याला ठाऊक आहे: १९ ऑगस्ट २०२३ रोजी निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले, ८ डिसेंबरला निर्यातबंदी आली, लिलाव बंद पडले, आणि ती बंदी ४ मे २०२४ रोजी उठली.

हा सराव दोन धडे देतो. पहिला माहितीच्या शुद्धतेचा. उन्हाळ कांदा आणि लाल कांदा यांचे भाव वेगळे असतात, आणि हंगाम बदलताना दोन्ही एकाच बाजारात येतात. एका दिवशी उन्हाळचा आणि दुसऱ्या दिवशी लालचा भाव लिहिला, तर आलेखात घसरण दिसेल, पण ती घसरण नव्हे, तो वेगळा माल आहे. म्हणून दोन्हींचे आलेख वेगळे ठेवावे लागतात. शेअरबाजारातही नेमके हेच घडते. कंपनीने शेअरचे विभाजन केले किंवा बोनस दिला की भाव एका रात्रीत निम्मा किंवा त्याहूनही कमी दिसतो. जुने भाव त्या प्रमाणात दुरुस्त करून आलेख पुन्हा काढला नाही, तर वहीत गोळ्यांचा एक भलामोठा खोटा स्तंभ तयार होतो. राष्ट्रीय शेअर बाजाराची रोजची भावकॉपी, म्हणजे दिवसाच्या भावांची यादी, विनामूल्य मिळते, पण तिच्यात त्या दिवसाचा भाव असतो. जुन्या भावांची दुरुस्ती आपली आपणच करायची असते.

दुसरा धडा अधिक महत्त्वाचा आहे आणि तो पुस्तकांत वाचून मनावर ठसत नाही. समजा, शेवटची फुली ३,९०० च्या घरात आहे आणि दुसऱ्या दिवशी सर्वसाधारण भाव थेट ३,२५० निघाला. वहीत ३,८५० पासून ३,२५० पर्यंत तेरा गोळे एका दमात मांडले जातील आणि स्तंभ असा दिसेल, जणू भाव एकेक पायरी उतरत खाली आला. प्रत्यक्षात मधल्या एकाही भावाला कोणी कांदा विकलेला नाही. गोळ्यांच्या आधीच्या स्तंभाचा तळ ३,६०० असेल तर विक्रीचा संकेत ३,५५० च्या घरात पडतो, आणि नवशिका मनात धरतो की आपण ३,५५० ला बाहेर पडलो असतो. ज्याची पिकअप लिलावाच्या रांगेत उभी होती, त्याला हाती आलेला भाव ३,२५० आहे हे माहीत असते. क्विंटलमागे तीनशे रुपयांचा हा फरक आलेख झाकून टाकतो.

म्हणून एका दिवसात मांडलेल्या सगळ्या खुणांना तांबड्या पेन्सिलीने एकत्र वेढा घालण्याची सवय लावावी. कालांतराने शेअरांच्या आलेखातही असे तांबडे वेढे दिसू लागतात. निकालांच्या दिवशी, अर्थसंकल्पाच्या दिवशी, एखाद्या कंपनीवर कारवाई झाल्याच्या सकाळी. ज्या शेअराच्या आलेखात असे वेढे पुष्कळ आहेत, त्यात स्टॉपलॉस ठरल्या भावाला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. संगणकावर काढलेला आलेख हे दाखवत नाही, आणि हाताने काढण्याचा माझा आग्रह मुख्यतः यासाठी आहे.

चौथी पायरी : पुस्तके कोणत्या क्रमाने वाचावीत

हात बसल्यावर पुस्तक उघडावे, आणि एका वेळी एकच. थॉमस डॉर्सी यांचे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक सुरुवातीला बरे, कारण ते मागणी आणि पुरवठा या सोप्या कल्पनेवरून पद्धत समजावते. मात्र त्यातली घरांची मापे, उदाहरणे आणि क्षेत्रांची विभागणी अमेरिकी आहे हे विसरू नये. त्यानंतर जेरेमी डू प्लेसिस यांचे २००५ मधील जाडजूड पुस्तक घ्यावे. एका घराच्या रिव्हर्सलपासून टक्क्यांच्या मापापर्यंत आणि लक्ष्यांच्या मोजणीपर्यंत सगळे त्यात तपशिलाने आहे. ते सलग वाचण्याचे पुस्तक नव्हे. एक प्रकरण वाचावे, त्यातला नियम वहीतल्या स्वतःच्या आलेखावर लावून पाहावा, आणि मगच पुढच्या प्रकरणाकडे जावे. भारतीय शेअरांची उदाहरणे हवी असतील तर प्रशांत शहा यांचे या विषयावरील इंग्रजी पुस्तक उपयोगी पडते. इंग्रजी वाचनाची सवय नसलेल्याने बिचकू नये. या विषयाची भाषा मोजकी आहे आणि तीस-चाळीस शब्द वहीत मराठी अर्थासह लिहून काढले की वाट मोकळी होते.

पुस्तकांत आकृत्यांची नावे पुष्कळ भेटतात: ट्रिपल टॉप, कॅटापल्ट, त्रिकोण, बुल ट्रॅप, हाय पोल. पाठांतराच्या मागे लागू नये, कारण यांतल्या बऱ्याच आकृत्या दोन साध्या संकेतांच्याच रचना आहेत. ट्रिपल टॉपमध्ये फुल्यांचे दोन स्तंभ एकाच उंचीवर अडतात आणि तिसरा ती उंची फोडतो. बुल ट्रॅपमध्ये फुटल्यानंतर एकच घर वर जाऊन भाव उलट फिरतो. या दोन ओळखता आल्या, तर पहिल्या वर्षाला पुरे.

कलाच्या रेषा मात्र नीट शिकाव्यात. इतर आलेखांत कोणते बिंदू जोडायचे हे काढणाऱ्याच्या नजरेवर असते. इथे रेषा पंचेचाळीस अंशांची असते आणि कोणी काढली तरी एकच येते. वरच्या उदाहरणात सर्वांत खालचा गोळा ४९० वर आहे, म्हणून त्याच स्तंभात ४८० च्या घरापासून रेषा सुरू करायची आणि प्रत्येक स्तंभाला एक घर वर न्यायची: पुढच्या स्तंभात ४९०, त्यापुढे ५००. भाव तिच्या वर असेपर्यंत कल चढता समजायचा, आणि तेवढ्या काळात विक्रीचे किरकोळ संकेत गौण मानायचे. वरून खाली येणारी मंदीची रेषा याच्या उलट काढायची.

लक्ष्य मोजण्याचीही रीत आहे. तळापासून निघालेल्या पहिल्या फुल्यांच्या स्तंभातली घरे मोजायची, त्यांना घराच्या किमतीने आणि रिव्हर्सलच्या आकड्याने गुणायचे, आणि येणारा आकडा स्तंभाच्या तळाच्या घरात मिळवायचा. आपल्या तिसऱ्या स्तंभात सहा फुल्या आहेत; तो तिथेच संपून पुढे गोळ्यांचा स्तंभ आला, तर ६ गुणिले १० गुणिले ३ म्हणजे १८०, आणि ५०० मध्ये मिळवले की ६८०. स्तंभ पूर्ण होण्याआधी मोजणी करू नये. तसेच ६८० हा अंदाज आहे, भावाने तिथे जाण्याचे काही बंधन नाही. संकेत आल्यावर सौदा घ्यावा की सोडावा, एवढे ठरवण्यापुरताच त्याचा उपयोग करावा.

शेअरच्या भावाला निफ्टीने भागून येणाऱ्या गुणोत्तराचा आलेख, आणि निर्देशांकातल्या किती टक्के शेअरांचा शेवटचा संकेत खरेदीचा आहे हे सांगणारा बुलिश पर्सेंट निर्देशांक, ही प्रकरणे पहिल्या वाचनात सोडून दिली तरी चालतील.

पाचवी पायरी : अभ्यासक्रम पारखून घेणे

मी पहिला अभ्यासक्रम केला तो दोन दिवसांचा होता, एका सभागृहात भरलेला. पहिल्या दिवशी जेवणापूर्वी तीसेक आकृत्यांची नावे पडद्यावरून सरकली. दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअरची वर्गणी कशी भरायची ते सांगितले गेले. घराचे माप कसे ठरवावे, हा प्रश्न कोणी विचारला नाही आणि शिकवणाऱ्यांनीही तो काढला नाही. दाखवलेला प्रत्येक आलेख यशस्वी झालेलाच होता. पुढचे वर्षभर मी पडद्यावर येणारे संकेत पाहून सौदे करत राहिलो आणि ते का फसतात हे मला समजत नव्हते, कारण एकही स्तंभ मी स्वतः मांडलेला नव्हता.

आज कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडवरच्या एखाद्या वर्गात चौकशीला जाणाऱ्याने तीन प्रश्न विचारावेत. वर्गात हाताने आलेख काढून घेतात का? फसलेल्या संकेतांची उदाहरणे दाखवतात का, आणि किती? अभ्यासक्रम संपल्यावर शेअरांची नावे सांगणार आहेत का? तिसऱ्याचे उत्तर 'हो' असेल तर ते शिक्षण राहत नाही, सल्ला होतो, आणि त्यासाठी शेअरबाजाराची नियामक संस्था सेबी हिची नोंदणी लागते. संशोधन विश्लेषकांचा नोंदणी क्रमांक आयएनएच या अक्षरांनी आणि गुंतवणूक सल्लागारांचा आयएनए या अक्षरांनी सुरू होतो. सेबीच्या संकेतस्थळावर तो पडताळून पाहता येतो. जानेवारी २०२५ मध्ये सेबीने हेही स्पष्ट केले आहे की केवळ शिक्षण देणाऱ्याने मागच्या तीन महिन्यांतले बाजारभाव वापरून एखाद्या शेअरचा पुढील भाव किंवा शिफारस सुचवू नये. चांगल्या शिक्षकाला या नियमाने काही अडत नाही, कारण पॉइंट अँड फिगर शिकवायला वीस वर्षांपूर्वीचा आलेखही तितकाच चालतो. डिमॅट खात्याचा पासवर्ड मागणाऱ्याशी पुढे बोलण्याचे कारण नाही.

फ्यूचर्स-ऑप्शन्ससाठीच ही पद्धत शिकवणारे वर्ग अधिक आहेत. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वैयक्तिक सौदेबाजांपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्याचे आणि त्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक असल्याचे दिसले. शिकण्याच्या काळात रोखीचे शेअर, तेही डिलिव्हरीचे, म्हणजे पूर्ण पैसे देऊन खात्यात घेतलेले, याबाहेर जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

सहावी पायरी : संकेतांची चाचणी आणि पहिला सौदा

वेगळी वही करून किमान शंभर संकेत नोंदवावेत. प्रत्येकासाठी तारीख, संकेताचा भाव, दुसऱ्या दिवशी प्रत्यक्षात मिळू शकला असता तो भाव, स्टॉपलॉसचे घर, आणि उलट संकेत आला तेव्हाचा भाव. शेअर निवडताना आजच्या निफ्टीतले पन्नास घेऊन मागची दहा वर्षे तपासली, तर फसगत होते, कारण त्या यादीत टिकून वाढलेल्या कंपन्याच आहेत. बाहेर पडलेल्या कंपन्यांचे आलेखही काढावे लागतात.

निष्कर्ष काढताना किती टक्के संकेत बरोबर आले एवढेच पाहू नये. शंभरपैकी साठ वेळा सरासरी ६० रुपये गेले आणि चाळीस वेळा सरासरी १२० रुपये आले, तर ३,६०० गेले आणि ४,८०० आले. निम्म्याहून अधिक वेळा चुकूनही १,२०० रुपये उरतात. त्यातून खर्च वजा करावा. डिलिव्हरीत खरेदीला आणि विक्रीला प्रत्येकी ०.१ टक्का एसटीटी, म्हणजे रोखे व्यवहार कर, लागतो, म्हणजे साडेपाचशे रुपयांच्या आसपासच्या एका शेअरच्या शंभर सौद्यांत केवळ या कराचेच शंभराहून थोडे अधिक रुपये जातात. दलाली, मुद्रांक शुल्क आणि इतर आकार वेगळे.

चाचणीनंतर पहिला सौदा करताना शेअरांची संख्या स्टॉपलॉसवरून काढावी. आपल्या उदाहरणात खरेदी ५४१ ला, आणि ४८० चा गोळा पडला तर आधीचा तळ फुटून संकेत बाद. शेअरमागे जोखीम ६१ रुपये. भांडवल २ लाख असेल आणि एका सौद्यात त्याच्या एक टक्क्याहून अधिक गमवायचे नसेल, तर २,००० भागिले ६१, म्हणजे ३२ शेअर, सुमारे १७,३०० रुपयांचे. नियम बंद भावावर आहे, म्हणून बाहेर पडणे दुसऱ्या दिवशी सकाळी होईल आणि भाव ४८० च्या खाली असू शकतो. तांबड्या वेढ्यांचा शेअर असेल तर ३२ ऐवजी १६ च घ्यावेत.

सौदे सुरू झाल्यावरही वही बंद करू नये. शक्य असेल तर एक जोडीदार शोधावा. दोघांनी आठवडाभर आपापल्या घरी त्याच पाच शेअरांचे आलेख काढावेत आणि रविवारी सकाळी वह्या शेजारी ठेवाव्यात. नियम एकच असल्यामुळे खुणा जुळायलाच हव्यात. जिथे एका वहीत फुली आणि दुसरीत कोरे घर दिसेल, त्या तारखेची भावकॉपी काढावी, आणि तिथपासून पुढचे सगळे स्तंभ दोघांनी खोडून पुन्हा मांडावेत.